शाल-श्रीफळ नको, नेमणूक द्या

८ मार्चचा कार्यक्रम होता. तालुक्याच्या गावातलं कॉलेज, व्यासपीठामागे मोठा बॅनर, दारात रांगोळी. मी पोहोचले तेव्हा प्राचार्य आपुलकीने म्हणाले, "मुलांना सोडून दिलंय, मॅडम. विषय मुलींचा आहे, म्हटलं तुम्हाला मोकळेपणाने बोलता येईल." मुलं बाहेर पार्किंगमध्ये गाड्यांवर बसून होती. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार यांत पाऊण तास गेला. स्त्रियांवरच्या हिंसेला प्रतिबंध कसा करायचा, यासाठी चाळीस मिनिटं उरली आणि त्यातली पंधरा प्रमुख पाहुण्यांना गेली.

पाहुणे निवृत्त अधिकारी, सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "असली व्याख्यानं देऊन, शिबिरं घेऊन काही होत नसतं. शिकवून माणसं सुधारत असती तर तुरुंग कशाला बांधावे लागले असते? चार जणांना भर चौकात फाशी द्या, पाचवा हात लावणार नाही. राहता राहिले संस्कार. ते घरात होतात, आईने करायचे असतात."

टाळ्या पडल्या. मुलींनीही वाजवल्या.

निघताना तिसऱ्या वर्षाची एक मुलगी जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही करता ते काम मला करायचंय. याला पगार असतो का हो?" मी तोंड उघडायच्या आत पाहुण्यांनीच तिला उत्तर दिलं, "बाळ, हे समाजकार्य आहे. आधी चांगली नोकरी बघ, मग फावल्या वेळात हे कर."

मी तिथे वाद घातला नाही. गेली एकोणीस वर्षं मी हे काम करते आहे आणि व्यासपीठावर वाद घातला की पुढच्या वर्षी त्या कॉलेजचं दार बंद होतं, हे मला माहीत आहे. पण ती मुलगी ते उत्तर घेऊन घरी गेली, ते मला सलत राहिलं. म्हणून हा वाद इथे घालते आहे.

फाशीचा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याला मिळाल्या. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने २९ दिवसांत देशभरातून आलेल्या हजारो सूचना वाचल्या आणि २३ जानेवारी २०१३ ला अहवाल दिला. समितीने बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. पोलिसांत काय बदलायला हवं आणि शाळेत मुलांना लैंगिकतेचं शिक्षण कसं द्यावं, यावर मात्र सविस्तर लिहिलं. आपण काय उचललं? त्याच वर्षी काही गुन्ह्यांसाठी फाशी कायद्यात आली. २०१८ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलींवरील बलात्कारासाठी आली. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळाने आणखी कडक असं शक्ती विधेयक मंजूर केलं, ज्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. शिक्षा वाढवण्याची चर्चा दहा-बारा वर्षं अखंड चालू आहे. त्या सगळ्या चर्चेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं उघड झालं.

बदलापूरची गोष्ट नीट आठवून पाहा. पालकांना तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. मग लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सुमारे महिन्याभराने आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि त्याच्यावरचा खटला चाललाच नाही. पाहुण्यांना हवी होती ती जरब बसली म्हणायची. पण ठाण्यात बसलेल्या त्या आईशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे कुणाला शिकवलं गेलं का? मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. मुलाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी, महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. हे पुस्तकात असणं वेगळं आणि रात्रपाळीला थकून बसलेल्या हवालदाराच्या हाडीमासी असणं वेगळं. ते हाडीमासी मुरवण्याचं काम म्हणजेच प्रशिक्षण. ज्याला पाहुणे ‘असली शिबिरं’ म्हणाले, ते हेच.

जरबेविरुद्ध माझा दुसरा आक्षेप आहे तो याहून गंभीर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या शंभरातल्या नव्वदच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक, शिक्षक. मामाने हात लावला असं सांगणाऱ्या मुलीच्या आईला जर कळलं की तक्रार केली तर भाऊ फासावर जाणार, तर ती तक्रार करील? आम्ही ज्या बायकांबरोबर बसतो त्यातल्या कितीतरी जणी पोलिसांचं नाव काढताच उठून जातात. त्यांना अत्याचार थांबायला हवा असतो. घरातला माणूस मेलेला नको असतो. शिक्षा हवीच, लवकर हवी, नक्की हवी. पण ती गुन्ह्यानंतर येते. गुन्ह्याच्या आधी काय, या प्रश्नाला चौकातल्या फाशीकडे उत्तर नाही.

"शिकवून माणसं सुधारत नाहीत." पाहुण्यांच्या या दुसऱ्या मुद्द्यावर एक जुनी घटना सांगते. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता. देशातले सगळ्यात शिकलेले न्यायाधीश गप्प राहण्याचा अर्थ संमती असा लावत होते. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिलं. चौघेही कायद्याचे शिक्षक. त्या पत्रातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. शिक्षकांनी न्यायालयाला शिकवलं, असंच त्याला म्हणावं लागेल. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली, स्त्रियांविषयीचे कोणते ठोकळेबाज शब्द आणि समजुती निकालात येऊ नयेत हे सांगणारी. आपण शिकायला हवं, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला वाटतं. तालुक्याच्या कॉलेजातली मुलं मात्र पार्किंगमध्ये बसवली तरी चालतं.

आता संस्कारांविषयी. ‘संस्कार घरात होतात’ हे वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि भीती त्याचीच आहे. २०२२ या एका वर्षात देशात स्त्रियांवरील गुन्ह्यांची ४,४५,२५६ प्रकरणं नोंदली गेली. त्यात सगळ्यात मोठा वाटा, ३१.४ टक्के, पती किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचा होता. ही नोंदलेली. न नोंदलेल्यांचा अंदाज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून येतो. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. त्याच पाहणीत असंही विचारलं होतं की काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का. ४४ टक्के पुरुष हो म्हणाले. बायका ४५ टक्के.

हा शेवटचा आकडा मी पाहुण्यांपुढे ठेवू इच्छिते. ते म्हणतात, संस्कार आईने करावेत. ज्या आईला लहानपणापासून शिकवलं गेलं आहे की स्वयंपाक बिघडला, न विचारता बाहेर गेली, उलट बोलली तर मार योग्य, ती आई मुलाला काय देणार? तिच्याकडे जे आहे तेच ती देणार. हा तिचा दोष नाही. पण साखळी कुठेतरी तोडायची असेल, तर ती घराबाहेरूनच तोडावी लागेल, आणि मूल घराबाहेर दिवसाचा सगळ्यात मोठा वेळ जिथे असतं त्या जागेला शाळा म्हणतात.

शाळेत हे काम कसं चालतं ते सांगते, कारण हे भाषण देण्यासारखं काहीतरी असावं असा बहुतेकांचा समज आहे. सातवीचा वर्ग. पहिल्या तासाला पोरं हसतात, एकमेकांना कोपरखळ्या मारतात. त्यांना दरडावून गप्प केलं की विषय तिथेच संपला, म्हणून हसू द्यायचं. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला मुलगा असल्यामुळे काय काय करावं लागतं आणि काय करता येत नाही, याच्या चिठ्ठ्या लिहून घ्यायच्या. ‘रडता येत नाही’ ही चिठ्ठी प्रत्येक वर्गात निघते. अगदी प्रत्येक. मग चौथ्या-पाचव्या तासाला कुणीतरी सहज म्हणतो, "आमचे पप्पा मारतात मम्मीला, पण चूक तिचीच असते. भाजी खारट करते."

इथे काय करायचं? ‘तुझे पप्पा चुकतात’ असं सगळ्या वर्गासमोर म्हणालात, तर तो मुलगा घरी जाऊन ते सांगणार आणि त्या रात्री त्या बाईला दुप्पट मार पडणार. आणि काहीच बोलला नाहीत, तर वर्गातल्या पन्नास मुलांनी ऐकलं की भाजी खारट झाली की मारायचं असतं. मला एका ज्येष्ठ ताईंनी शिकवलेलं उत्तर मी अजून वापरते. वर्गाला विचारायचं, "पप्पांचे साहेब चुकले तर पप्पा साहेबांना मारतात का?" वर्ग हसतो. नाही. "का नाही?" नोकरी जाईल. "म्हणजे राग आवरता येतो?" आता वर्ग थांबतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतो, "जो उलटून मारणार नाही त्यालाच मारतात." हे वाक्य मी सांगितलेलं नसतं, त्यांच्यातल्याच एकाने शोधलेलं असतं, म्हणून ते टिकतं.

आणि काम इथे संपत नाही. तो मुलगा सुटीत दाराशी घुटमळतो. त्याला काहीतरी सांगायचं असतं. काय विचारायचं, काय अजिबात विचारायचं नाही, कुठली गोष्ट गुप्त ठेवता येते आणि कुठली पोक्सोखाली कळवावीच लागते, त्याच्या आईपर्यंत संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर तिच्या नवऱ्याला न कळता कसा पोहोचवायचा, हे सगळं शिकावं लागतं. पहिली दोन वर्षं मला एकटीला वर्गात सोडलं नव्हतं, ते बरंच झालं. एवढ्या कौशल्याचं काम ‘फावल्या वेळात’ करता येतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी फावल्या वेळात दात काढणाऱ्या माणसासमोर तोंड उघडून दाखवावं.

याने फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजला गेला आहे. मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांत २००८ पासून सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी एक कार्यक्रम झाला. कोरो, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि एका आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने तो मिळून चालवला. काही शाळांत वर्गसत्रं आणि मोहीम दोन्ही होतं, काही शाळांत नुसती मोहीम. ज्या मुलांनी गटात बसून सत्रं केली, त्यांच्या मतांत जास्त बदल झाला. बॅनर लावणाऱ्या प्रत्येक कॉलेजने हे लक्षात घ्यावं. हरियाणात, जिथे मुलींचं प्रमाण इतकं घसरलं होतं त्या राज्यात, ३१४ सरकारी शाळांवर याहून काटेकोर अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळा निवडल्या, सुमारे अडीच वर्षं, दर काही आठवड्यांनी पाऊण तासाचं सत्र. मुलांची आणि मुलींची मतं बदलली, मुलगे घरकामाला जास्त हात लावू लागले, आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हाही मतांतला बदल टिकून होता. युगांडाच्या कंपाला शहरात वस्त्यांमध्ये काही वर्षं असंच काम चाललं. ज्या वस्त्यांत काम झालं तिथे जोडीदाराकडून होणारी मारहाण इतर वस्त्यांपेक्षा ५२ टक्क्यांनी कमी आढळली. कंपालातले वस्तीपातळीवरचे कार्यकर्ते स्वयंसेवक होते, हे मी लपवत नाही. पण त्यांना शिकवणारे, अडलं की धावून जाणारे, वर्षानुवर्षं त्यांच्या पाठीशी उभे राहणारे लोक पगारावर होते.

पाहुण्यांशी एका बाबतीत मी पूर्ण सहमत आहे. त्या दिवशीच्या कार्यक्रमाने काहीही होणार नव्हतं. चाळीस मिनिटांत, मुलांविना, सत्काराच्या शेपटाला जोडलेल्या भाषणाने काय व्हावं? तो कार्यक्रम कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या फाइलसाठी होता. जिओटॅग केलेले फोटो, हजेरीपत्रक, अभिप्रायाचे अर्ज, झालं. कंपन्यांमध्ये याहून वाईट अवस्था आहे. २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाबाबत कर्मचाऱ्यांचं नियमित प्रशिक्षण मालकावर बंधनकारक केलं. त्याचं झालं काय, तर ऑनलाइन स्लाइड पुढे ढकलत जायच्या आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. अमेरिकेतल्या आठशेहून जास्त कंपन्यांच्या माहितीवर आधारलेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की ‘हे केलंत तर गुन्हा’ अशी यादी कर्मचाऱ्यांना वाचून दाखवणाऱ्या प्रशिक्षणानंतर व्यवस्थापनातल्या स्त्रियांचं प्रमाण घटलं. व्यवस्थापकांना संशयित न मानता छळ होणाऱ्या व्यक्तीच्या मदतीला येणारे सोबती मानून शिकवलं, तिथे ते वाढलं. म्हणजे वाईट प्रशिक्षण नुसतं निरुपयोगी नसतं, ते नुकसान करतं. वाईट शस्त्रक्रियेनेही नुकसान होतं. त्यावरून कुणी म्हणत नाही की शल्यचिकित्सा बंद करा आणि घरच्या घरी कापा.

वाईट प्रशिक्षण इतकं बोकाळलं, कारण चांगल्याची किंमत द्यायची नाही हे आपण आधीच ठरवलं आहे. २०१३ च्या कायद्याखालचे नियम उघडून पाहा. अंतर्गत समितीवर बाहेरचा एक सदस्य लागतो, या विषयाची जाण असलेला. त्याच्यावर सगळी भिस्त, कारण समितीतले बाकी सगळे त्याच मालकाचे नोकर. त्या बाहेरच्या सदस्याला कामकाजाच्या दिवसाचा भत्ता नियमात लिहिला आहे दोनशे रुपये. दिवसाचे दोनशे. सुताराला कुणी विचारून बघावं दोनशे रुपयांत दिवसभर येतोस का म्हणून. मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल उघड खेद व्यक्त केला. कायदा होऊन दहा वर्षं झाली तरी कितीतरी ठिकाणी समित्याच नव्हत्या. दोनशे रुपयांत अंमलबजावणी इतपतच होते.

हा सगळा कायदा ज्या बाईमुळे आला, तिची गोष्ट याहून बोलकी आहे. राजस्थानात भटेरी गावात भंवरी देवी ‘साथिन’ म्हणून काम करत होती. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात, मानधनावर. तिचं काम प्रतिबंधाचंच होतं, बालविवाह थांबवायचे. १९९२ मध्ये तिने एका घरातलं तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला आणि त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. तिच्यासाठी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला, त्यातून पुढे २०१३ चा कायदा. आज पुण्या-मुंबईच्या कंपन्या ज्या प्रशिक्षणाची बिलं भरतात, त्याच्या मुळाशी मानधनावर राबणारी, पाठीशी कुणी नसलेली एक बाई उभी आहे. कर्मचारी म्हणून तिला सुरक्षितता असती, तिच्यामागे ठाणं, तालुका, जिल्हा उभा असता, तर? हा प्रश्न मला दर वर्षी ऑगस्टमध्ये छळतो.

‘हे समाजकार्य आहे, पगार कसला?’ असं म्हणताना आपण महाराष्ट्रात सावित्रीबाईंचं नाव हमखास घेतो. शेणाचे गोळे झेलले, फुकट राबल्या. पण सावित्रीबाईंनी शिकवायला उभं राहण्याआधी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं होतं, हे आपल्या भाषणांत येत नाही. १८६३ मध्ये पुण्यात त्यांनी आणि जोतीरावांनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी घर उघडलं. त्याचं नाव होतं बालहत्या प्रतिबंधक गृह. मूल मारणाऱ्या विधवेला सरकार शिक्षा देतच होतं. फुले दांपत्याने शिक्षेच्या आधीच्या जागेवर बोट ठेवलं आणि घराच्या नावातच ‘प्रतिबंधक’ हा शब्द घातला. र. धों. कर्व्यांनी लैंगिक शिक्षणाला आयुष्य दिलं, त्यापायी १९२५ मध्ये प्राध्यापकाची नोकरी गेली, तरी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ पदरमोड करून चालवलं. आज आपण या सगळ्यांना हार घालतो. सुधारक उपाशी राहिला की आपल्याला त्याच्याविषयी फार आदर वाटतो. तो जेवायला मागू लागला की मात्र त्याच्या हेतूविषयी शंका येते.

पगारी काम उभं राहू शकतं, हे याच राज्याने दाखवलं आहे. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिला आणि बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या थेट पोलिसांच्या इमारतीत बसू लागल्या. पुढे राज्य सरकारने हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत ही संस्था आणि महापालिकेने ‘दिलासा’ उभं केलं. ‘पडले’, ‘स्टोव्ह उडाला’, ‘चुकून औषध घेतलं’ म्हणत येणाऱ्या बाईला पडद्याआड नेऊन एक साधा प्रश्न विचारायला तिथल्या परिचारिका शिकल्या. १९९३ पासून ‘मावा’ या संस्थेचे पुरुष कॉलेजातल्या मुलांशी पुरुषपणाबद्दल बोलत आले आहेत. हे काम फक्त बायकांचं नाही, हे त्यांनी आपल्या आयुष्याने दाखवलं. नारी समता मंचाने १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या विवाहितेच्या मृत्यूनंतर पोस्टर प्रदर्शन काढलं, तेव्हा ते बघायला आलेल्या बायका स्वतःबद्दल बोलू लागल्या आणि त्यांच्यासाठी ‘बोलते व्हा’ केंद्र उघडावं लागलं. ऐकायला शिकलेलं माणूस समोर असलं की लोक बोलतात.

पण ही माणसं टिकवण्याची व्यवस्था आपण केली नाही. मी ज्या प्रकल्पात सुरुवात केली तिथे अकरा महिन्यांची कंत्राटं होती, बारावा महिना विनावेतन आणि नूतनीकरण कुणाच्या तरी सहीवर अडलेलं. माझ्याबरोबर लागलेल्या सहा जणींपैकी आज दोघी या कामात आहोत. सहा जणींतली सगळ्यात हुशार होती ती विमा एजंट झाली. तिने वर्गात उभं राहून पोरांना बोलतं केलेलं मी पाहिलं आहे. तसं मला आजही जमत नाही. तिच्याबरोबर तिची आठ वर्षांची विद्या गेली, कारण ती पुढच्या मुलीला द्यायला ती तिथे उरलीच नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, पण कित्येक ठिकाणी संरक्षण अधिकारी हे पद दुसरं काम असलेल्या माणसाच्या गळ्यात जादा कार्यभार म्हणून बांधलं जातं. शाळांमध्ये मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने सखी सावित्री समित्या नेमायच्या ठरल्या. निर्णय चांगला आहे. पण समितीतल्या शिक्षकांना हे काम कोण शिकवणार, त्याला तास कुठून देणार, त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार? नुसत्या समितीचा फलक लावून मूल सुरक्षित होत नाही.

मी काय मागते ते स्पष्ट सांगते. प्रत्येक तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात या कामासाठी दोन पूर्णवेळ, कायम पदं हवीत. एक स्त्री, एक पुरुष. समाजकार्याची किंवा तत्सम पदवी, त्यानंतर अनुभवी माणसाच्या हाताखाली किमान वर्षभर उमेदवारी, मगच स्वतंत्र वर्ग. सातवीपासून नववीपर्यंत महिन्यातून एक तास, वेळापत्रकात छापलेला, पीटीच्या तासासारखा. पोलीस ठाण्याच्या आणि ग्रामीण रुग्णालयाच्या माणसांचं प्रशिक्षण याच लोकांकडे. आणि त्यांना वेतनश्रेणी, वाढ, निवृत्तिवेतन, जे गणिताच्या शिक्षकाला मिळतं ते सगळं. काही लोक म्हणतील, पैसे आले की दुकान होईल. दुकान आजच झालं आहे, कारण कोण शिकवणार याची पात्रताच ठरलेली नाही. डॉक्टरकीला नोंदणी आहे म्हणून भोंदू पकडता येतो.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. तिला सांगितलं, हो, याला पगार असतो. कमी असतो, अनेकदा उशिरा येतो, तो वाढावा म्हणून आम्ही भांडतो आहोत आणि तुला आमच्याबरोबर भांडावं लागेल. समाजकार्याला प्रवेश घे. शिकलेली माणसं हवी आहेत.

आणि प्राचार्यांना विनंती. पुढच्या ८ मार्चला मला बोलावू नका. जूनमध्ये बोलवा, वेळापत्रक ठरत असताना. वर्षाचे दहा तास द्या. शाल-श्रीफळाचा खर्च वाचवा. आणि पार्किंगमधल्या मुलांना वर्गात आणून बसवा.